टोचरे बोल आणि रेंगाळणारी जखम



अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा हा प्रयोग.
जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी तो 2005 मध्ये प्रसिद्ध केला.

नवरा-बायकोच्या हातावर हवा खेचणाऱ्या उपकरणानं बारीक फोड आणले.
मग मतभेदाच्या विषयावर दोघांना बोलायला बसवलं.

कुणी समजुतीनं बोललं.
कुणी घालूनपाडून.

आणि जखमा?
घालूनपाडून बोलणाऱ्यांच्या जखमा सावकाश भरल्या.
फोडाएवढी जखम, तीही रेंगाळली!

मनावरचा ताण शरीराची दुरुस्ती मंदावतो.

एक सांगायला हवं.
मतभेद सगळ्याच जोडप्यांत होते. फरक होता तो बोलण्यातल्या कडवटपणाचा.

घरात कुणाचं ऑपरेशन झालंय का?
मग औषधाच्या वेळा पाळा, तसंच त्या माणसाशी जपून बोला.