गप्प बाळ

"बाळ लई गुणाचं, रडतच नाही," असं आपण कौतुकानं सांगतो. पन्हाळ्याकडच्या आमच्या गटात एकीचं बाळ असंच गप्प होतं. थंडीचे दिवस. सातव्या दिवशी आशाताई आल्या, तळपायाला हात लावला तर गार! दूधही ओढत नव्हतं. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वर पांघरूण घातलं आणि १०२ ला फोन केला. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला ही गाडी फुकट नेते. बाळ वाचलं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना हे शिकवलं होतं. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येतात. बाळ झोपलंय म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. आम्हीही पूर्वी पाठवायचो.