डोक्यावरचा हंडा आणि घराचा कॉलम

मागे आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज मागितलं. घराखाली दुकान काढायचं होतं. शटर मोठं हवं, म्हणून मधला कॉलम तोडणार होत्या. वर एक मजला आहे. "एकच तर कॉलम आहे," ताई म्हणाल्या. त्या दिवशी हप्त्यांचं राहिलं बाजूला, आम्ही कॉलमवरच बोलत बसलो.

घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चाललं होतं आणि त्यात कॉलमना हात लावला, असं रहिवाशांचं म्हणणं होतं.

एका कॉलमने एवढं काय होतं? स्लॅबचं वजन बीमवर, बीमचं कॉलमवर, कॉलममधून पायात. सगळ्यांत खालचा कॉलम वरचे सगळे मजले पेलतो. तो काढला की त्याचं ओझं शेजारच्या कॉलमवर जातं, आणि बीमचा आधार तुटून तो मधोमध वाकतो. शेजारच्याला झेपलं नाही की तोही जातो.

आणि एकदा मजला सुटला की थांबत नाही. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन आपण शेतभर चालतो ना? तोच हंडा कुणी हातभर वरून डोक्यावर सोडला तर मान मोडेल. वजन तेवढंच, पण ठेवलेलं वेगळं आणि पडणारं वेगळं.

न्यूयॉर्कचे ११० मजली जुळे मनोरे ११ सप्टेंबर २००१ ला असेच गेले. विमानं आदळल्यावरही एक ५६ मिनिटं उभा होता, दुसरा १०२ मिनिटं. आगीत पोलाद वितळलं नव्हतं, तापून मऊ पडलं होतं. लोहाराकडची लाल सळई कुठे वितळलेली असते? तरी घणाखाली वाकतेच. वरचे मजले खाली आले आणि खालच्यांना तो दणका पेलवला नाही.

तुमची मुलंबाळं शहरात भाड्याने राहत असतील, तर फोनवर विचारा, कॉलमला उभी चीर आहे का, सिमेंट फुटून गंजकी सळई दिसते का? सळई गंजली की फुगते आणि आतून सिमेंट फोडते. वरून गिलावा मारून ते बरं होत नाही. चांगलं चालणारं दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, तर तेही इंजिनिअरला दाखवायचं.

ताईंकडेही आम्ही इंजिनिअरला नेलं. त्याची फी गटाने कर्जात धरली. शटर आता कॉलमच्या एका बाजूला बसलंय, दोन फूट अरुंद. ताई अजून कुरकुरतात.