हुल्लडीला मुदत हवी



इंग्लंडातला नाताळ म्हटला की आपल्याला सजवलेलं झाड, केक आणि लाल डगल्यातला म्हातारा आठवतो. त्या म्हाताऱ्याला आज सुट्टी. मला बोलायचंय ते ट्यूडर राजांच्या काळातल्या एका मानकऱ्याबद्दल. त्याला म्हणत लॉर्ड ऑफ मिसरूल, म्हणजे हुल्लडीचा राजा. थंडीच्या सणात तो खोटा दरबार भरवायचा, खोटे हुकूम सोडायचा, आणि भले भले सरदार त्याच्यापुढे वाकायचे. हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार. पण वाचून आपण काय म्हणतो? ‘काय मजा असेल, कुणाचा कुणाला धरबंध नाही!’ इथेच माझं भांडण आहे. धरबंध होता, पक्का होता. या राजाची नेमणूक व्हायची, त्याला खर्च मंजूर व्हायचा आणि त्याची गादी कधी खालसा होणार हे तो बसण्याआधीच ठरलेलं असायचं.

जॉन स्टो या लंडनकराने 1598 साली आपल्या शहराचं वर्णन छापलं. त्यात तो सांगतो की राजवाड्यात, मोठमोठ्या सरदारांच्या घरी, लंडनच्या मेयरकडे आणि शेरिफांकडेही असा एकेक हुल्लडीचा राजा असायचा. ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री कारभार सुरू आणि फेब्रुवारीच्या आरंभी, कँडलमासच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी समाप्त. मुदत लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आता या पदावर कोण बसायचं? गल्लीतला टवाळ पोरगा? 1551च्या नाताळात सहाव्या एडवर्डच्या दरबारी जो बसला, त्याचं नाव जॉर्ज फेरर्स. पेशाने वकील. मॅग्ना कार्टाचं इंग्रजी भाषांतर करून 1534 साली छापणारा हाच. पुढे पार्लमेंटात निवडून आला. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला म्हणून 1542 साली त्याला अटक झाली, तेव्हा कॉमन्स सभागृहाने आपला माणूस सोडवून आणला आणि उलट लंडनच्या शेरिफांनाच कोठडीत टाकलं. सभासदांच्या विशेषाधिकाराचा इतिहास सांगताना आजही या खटल्याचा दाखला देतात. म्हणजे कायदा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ज्याला नेमकं ठाऊक, त्याच्याच हाती हुल्लड सोपवली होती.

याच्या शेजारी आणखी एक माणूस उभा करा: सर थॉमस कॉवर्डन. दरबारच्या करमणुकीचा कायमचा अधिकारी. ब्लॅकफ्रायर्समध्ये त्याचं भांडार होतं. पोशाख, मुखवटे, झालरी, सगळ्याची नोंद. या दोघांचं नातं कळायला आपल्याकडचं लग्नघर डोळ्यांसमोर आणा. फेरर्स हा वरपक्षाचा मामा. कॉवर्डन म्हणजे कोठीघराची किल्ली कनवटीला लावलेले काका. मामांच्या चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येतात: सोंगाचे घोडे पाठवा, विदूषकाला कपडे पाठवा, माझ्या मंत्र्यांना दिलेले झगे अगदीच हलके आहेत, असल्या वेषात ही घरंदाज मंडळी लंडनमध्ये तोंड दाखवणार नाहीत! काका कुरकुरतात, पण वधूपित्याने, म्हणजे राजाच्या मंत्रिमंडळाने, आधीच बजावलेलं असतं की मामा मागतील ते द्या. काका देतात आणि वहीत मांडून ठेवतात. त्या चिठ्ठ्या आणि ते हिशेब आजही शिल्लक आहेत. पण वरात निघाली की मामांचा तोरा संपतो. दुसऱ्या दिवशी त्यांना चहासुद्धा मागून घ्यावा लागतो. काका मात्र आहेत तिथेच, गाद्या मोजत बसलेले.

या मामांचा थाट तरी कसला! पहिल्या वर्षी स्वारी चंद्रावरून उतरली, दुसऱ्या वर्षी अफाट पोकळीतून. चिन्हावर सात फण्यांचा सर्प, आणि ब्रीद असं की आम्ही सदा सुट्टीवर.

4 जानेवारी 1552 रोजी ही स्वारी ग्रिनिचहून नावेने लंडनच्या टॉवर या किल्ल्याच्या धक्क्याला लागली. हेन्री मॅचिन नावाच्या लंडनकराच्या रोजनिशीत या मिरवणुकींची वर्णनं आहेत. घोडेस्वार, ढोल, मॉरिस नाच, आणि मागून खोडे, बेड्या आणि कुऱ्हाड घेतलेले खोटे तुरुंगाधिकारी! चीपसाइडच्या बाजारात मंचावरून जाहीरनामा वाचला, दारूचं पिंप फोडलं, आणि मग मंडळी मेयरकडे जेवायला गेली. आता ही गंमत कुठे उतरली ते पाहा. त्याच टॉवरमध्ये त्या दिवशी राजाचा सख्खा मामा, ड्यूक ऑफ सॉमरसेट, देहान्ताची शिक्षा होऊन बसला होता. 22 जानेवारीला खऱ्या कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडालं. चौदा वर्षांच्या राजाचं मन त्यातून निघावं म्हणूनच त्या वर्षी एवढा थाट केला, असं त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलं आहे. खरी सत्ता खोट्या सत्तेला हवं तेव्हा पुढे करत होती आणि हवं तेव्हा मागे घेत होती. अहो, म्हणून तर मी मुदत, मुदत करतोय!

लंडनच्या वकिलांच्या वसतिगृहांतही हे चालायचं. ग्रेज इनमध्ये 1594च्या नाताळात विद्यार्थ्यांनी आपला राजा बसवला, प्रिन्स ऑफ पर्पूल. 28 डिसेंबरच्या रात्री इतकी गर्दी उसळली की इनर टेंपल या दुसऱ्या वसतिगृहाचे पाहुणे रुसून परत गेले. मग उरलेल्यांपुढे शेक्सपिअरचं ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ झालं. पुढे त्या गोंधळाबद्दल रीतसर खोटा खटला भरला, कुणा जादूगारावर खापर फोडून! हुल्लडीचीसुद्धा चौकशी. हा मुद्दा खरं तर सावकाश उलगडायला हवा, पण समोरचे साहेब घड्याळ दाखवताहेत.

तेव्हा शेवटचं. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने आपल्याकडचा असला राजा 1555 सालीच कायद्याने बंद केला. इंग्लंडच्या दरबारातूनही तो हळूहळू मागे पडला. पुढे 1647 मध्ये प्युरिटनांच्या पार्लमेंटने नाताळच रद्द ठरवला. त्या डिसेंबरात कँटरबरीच्या मेयरने दुकानं उघडी ठेवायला लावली, तर लोकांनी दुकानं फोडली आणि मेयरला लोळवलं. त्या हुल्लडीला ना राजा होता, ना वही, ना शेवटची तारीख. काही महिन्यांत अख्ख्या केंट परगण्याचं बंड उभं राहिलं. त्यामागे राजकारणही होतं, मान्य. पण आपल्या गल्लीत उत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींनी एवढं तरी विचारावं की कर्णा किती वाजता बंद करायचा, हे आपल्यात कुणी ठरवलंय का, आणि ठरवलं असेल तर तो बंद करायला... वेळ संपली.