मैदान राखतो कोण?

(निरगुडसर येथील हिवाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिलाय, ‘धनराज पिल्ले : जीवन आणि कारकीर्द’. काल इथं शिवचरित्र झालं, उद्या विनोदी कथाकथन आहे. मधल्या दिवशी हॉकी. म्हणजे आज आलेत त्यांचं एक तर खेळावर प्रेम आहे, नाहीतर घरी पाहुणे आलेत. (हशा)

धनराज कोण, हे मी सांगत बसत नाही. पद्मश्री, खेलरत्न, मानेवर रुळणारे केस आणि नाकावरचा राग, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे. जिथं बोलावतील तिथं मी तीच सांगतो, म्हणून हल्ली बोलावणी कमी झालीत. खेळाडू अंगच्या गुणानं घडतो, मेहनतीनं घडतो, मान्य. पण त्याच्याही आधी एक माणूस लागतो. सकाळी उठून मैदानावरचे खडे वेचणारा, पाणी मारणारा, रूळ फिरवणारा, फक्की टाकणारा. तो पगारावर असला तर पुढचं सगळं जमतं. तो नसला तर तुमचे ट्रॅकसूट आणि सत्काराच्या शाली कुणाच्या अंगावर घालणार?

आता खडकी घ्या. आपल्याच जिल्ह्यातली. मंचरहून पुण्याला निघालात, नाशिक फाटा ओलांडलात, दापोडी मागं टाकली की खडकी. इंग्रजांनी १८६९ साली तिथं दारूगोळ्याचा कारखाना काढला. कारखान्याबरोबर वसाहत आली आणि वसाहतीबरोबर मैदान. त्या वसाहतीत १६ जुलै १९६८ रोजी एका तमिळ कुटुंबात धनराज जन्मला. पाच भावांत चौथा. वडील नागलिंगम कारखान्यात काय करायचे? मैदानाची देखभाल! (टाळ्या) टाळ्या नंतर वाजवा, अजून मुद्दा पुरा व्हायचाय.

घरात पैसा नव्हता. नवी स्टिक परवडायची नाही, म्हणून मोडक्या स्टिका आणि कुणीतरी टाकून दिलेले चेंडू. पावसाळ्यात चिखल. डोळ्यांपुढं भारताचा हॉकीपटू महंमद शाहिद, त्याच्यासारखं पळायचं, त्याच्यासारखं चकवायचं. आई अंडालम्मा. एवढ्या ओढगस्तीत पाचही पोरांना तिनं खेळू दिलं. आपल्या यशाचं माप धनराज नेहमी तिच्याच पदरात घालतो आणि ते योग्यच आहे. पण मी वडिलांकडे बघतो. कारखान्याला काही ऑलिंपिकवीर काढायचा नव्हता. त्याला मैदान नीट ठेवायचं होतं, म्हणून त्यानं एका माणसाला पगार दिला. मैदान नीट राहिलं आणि त्याच्यावर त्या माणसाचा पोरगा वाढला.

(श्रोत्यांतून : “आमच्याकडं पण मैदान हाये की!”)

आहे ना, आजोबा. मी मघाशी बघितलं. त्याच्यावर मांडव घातलाय आणि त्या मांडवात आपण बसलोय. (मोठा हशा) रागावू नका, मी तुमचा पाहुणा आहे. आणि मी शाळेत खेळ शिकवण्यात उमर घालवली आहे. मैदानावर लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी कबड्डीच्या पोरांच्या तळव्यात काय काय घुसतं, ते काढायला मीच बसलेलो असायचो.

तुम्हाला मैदान राखता येत नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. उलट, आंबेगाव-जुन्नरइतकं ते कुणालाच येत नाही. तुमचा बैलगाड्याचा घाट बघा. यात्रा महिन्यावर आली की गाव घाटात. दगड वेचायचे, चढ सारखा करायचा, मुरूम टाकायचा, टँकरनं पाणी मारायचं, दाब द्यायचा. बैलाच्या खुरात खडा जाता कामा नये. कडेला दोर, वर निशाण, माईकवर पहाडी आवाजाचा समालोचक. बारी सुटली की सेकंद मोजायला माणूस, त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा. आणि सेकंदाच्या कितव्यातरी भागावरून दोन गाडामालक रात्रभर भांडतात. (हशा) पुन्हा, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. शर्यती बंद. तेव्हा घाट नांगरून ऊस लावलात का कुणी?

(श्रोते : “नाही!”)

नाही! आंदोलनं केलीत, गुन्हे अंगावर घेतलेत, थांबलात. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मी शर्यतीच्या बाजूचा की विरुद्ध, हे विचारू नका. मला रात्री घरी जायचंय. माझं म्हणणं इतकंच की, बैल पळावा म्हणून जे गाव एवढी जमीन एवढ्या निगुतीनं राखतं, त्यानं पोरं पळावीत म्हणून एक एकर राखायला काय हरकत आहे?

अध्यक्ष घड्याळ बघतायत. धनराज कुठं गेला, असा त्यांचा सवाल दिसतो. आलो, आलो. आणि घाटातूनच येतो. तुमच्या बैलाची बंदीच्या आधीची बारी सांगणारी माणसं या मांडवात आहेत. धनराज १९८९ ते २००४ भारताकडून ३३९ सामने खेळला. त्यात त्यानं गोल किती मारले? अधिकृत हिशेबच नाही! दीडशेच्या वर, एकशे सत्तरच्या आसपास, असं बोललं जातं. देशाच्या सगळ्यात मोठ्या आघाडीवीराचे गोल कुणी वहीत लिहून ठेवले नाहीत. माझं जुनं मत आहे, जो मैदान राखत नाही तो हिशेबही राखत नाही.

कारकीर्द आता भराभर सांगतो. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ कंपनीच्या संघाकडून खेळायचा, भारताकडूनही खेळलेला. त्याच्या मागोमाग धनराज मुंबईला गेला, महिंद्रा कंपनीच्या संघात लागला. तिथं प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो यांनी त्याला तयार केलं. १९८९ साली दिल्लीत आशिया कपमध्ये तो पहिल्यांदा भारताकडून उतरला. पुढं चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा. लंडन, लियाँ, स्टुटगार्ट, मलेशिया, ढाका, हाँगकाँग अशा ठिकाणच्या क्लबांनी त्याला पैसे मोजून नेलं. १९९८ साली बँकॉकला तो कर्णधार होता. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवून बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण आणलं. मग काय झालं? धनराजसह सात जण संघाबाहेर! विश्रांती दिली, असं सांगितलं गेलं. सामन्याचं मानधन मागितलं म्हणून, असं लोक बोलले. तुम्ही काय ते समजा.

सिडनीला, २००० साली, पोलंडनं शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली. चार ऑलिंपिकमध्ये या माणसाच्या हाती एक पदक लागलं नाही. २००२ साली कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा आला, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? धनराज. वय चौतीस.

इतका गुणी माणूस, मग पदक का नाही? माझं उत्तर पुन्हा जमिनीशीच येतं. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली. तोपर्यंत सात सुवर्णपदकं जिंकलेले आपण तिथं सातवे आलो. श्रीमंत देशांनी गावोगाव ते गवत अंथरलं. आपली पोरं मातीवर शिकायची आणि परक्या गवतावर परीक्षा द्यायची. दुसरीही कारणं आहेत, नाही म्हणत नाही. आणि त्या गवताला काही लागत नाही, असं समजू नका. सामन्याआधी त्याच्यावरही फवाऱ्यानं पाणी मारावं लागतं. माणूस सुटत नाही!

पुढच्या रांगेतले गुरुजी म्हणतायत, थंड देशांचं बरंय, त्यांना बर्फाचं मैदान फुकट. गुरुजी, तुम्ही मला हवं तिथं आणून सोडलंत. स्वीडनच्या अगदी उत्तरेला किरुना नावाचं लोखंडाच्या खाणीचं गाव आहे. त्या भागात १९५१ साली बोर्ये सालमिंग जन्मला. पाच वर्षांचा असताना बाप खाणीतल्या अपघातात गेला. थोरला भाऊ स्टिग बर्फावरची हॉकी खेळायचा. त्याच्या मागोमाग हाही ब्रिनेस क्लबात गेला. खडकीचा रमेश आणि किरुनाचा स्टिग, थोरले भाऊ सगळीकडे सारखेच. १९७३ साली सालमिंग टोरांटोला खेळायला गेला. स्वीडनची पोरं भित्री, असं तिकडं म्हणत. त्याला ठोकून ठोकून बघितलं, हा हलेना. १९७६ साली तो त्याच शहरात स्वीडनचा वेष घालून कॅनडाच्या स्पर्धेत उतरला, तर टोरांटोचं सगळं प्रेक्षागृह त्याच्यासाठी उठून उभं राहिलं! तिथं तो सोळा हंगाम खेळला, हॉकीच्या मानाच्या दालनात गेलेला पहिला स्वीडिश झाला, आणि २०२२ साली जाण्याच्या काही दिवस आधी, दुर्धर आजारात, पुन्हा त्या शहरानं त्याला बर्फावर आणून टाळ्या दिल्या. पण गुरुजी, आकाशातून पडतं ते हिम. त्याच्यावर स्केट चालत नाही. ते फावड्यानं ओढावं लागतं, पाणी ओतून गोठवावं लागतं, आणि खेळ झाला की पुन्हा ओतावं लागतं. फुकट कुणालाच काही नाही.

चिठ्ठी आली. वाचून दाखवतो : “रात्रीची लाईट साडेनवाला येते, मोटारी चालू करायच्या आहेत, शिवाय उसातून जायचंय.” (हशा) उसातल्या बिबट्याच्या वेळेपुढं वक्त्याचं काही चालत नाही. २००३च्या आशिया कपची हकिगत राहिली. क्वालालंपूरला पाकिस्तानला ४-२ हरवलं तेव्हाही कर्णधार हाच होता. आईविषयी बोलायचं होतं, तेही राहिलं. ‘कारकीर्द’ असं छापून मी तुम्हाला घाटात फिरवलं, ही तक्रार अध्यक्ष आभारात करतीलच.

फक्त कामाचं सांगून बसतो. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. तिच्यात स्टेडियम मागू नका, कमान मागू नका, कुणाचं नाव द्यायचं यावर तर अजिबात बोलू नका. एका माणसाचा पगार मागा. काम : मैदानावर पाणी, रूळ, फक्की, आणि मांडववाला आला तर त्याला दुसरी जागा दाखवणे. ठराव सोपा आहे, चार ओळींचा आहे, मी खिशात लिहूनच आणलाय. सूचकही मीच झालो असतो, पण माझं नाव तुमच्या मतदारयादीत नाही. मघाशी मागून ओरडले ते आजोबा, तुमचं आहे ना?