वाजवणाऱ्याचं वर्ष

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



वर्षाचा हिशेब मांडायची प्रत्येक धंद्याची आपली एक तऱ्हा असते. व्यापारी दिवाळीत वही बदलतो, शेतकरी पाडव्याला सालगडी ठरवतो, सरकारी कचेरीचं वर्ष 31 मार्चला संपतं. पण जो माणूस दुसऱ्यांच्या आनंदात वाद्य वाजवून पोट भरतो, त्याचं वर्ष कुठून कुठपर्यंत मोजायचं? आज मी अशाच एका माणसाबद्दल बोलणार आहे. ते सॅक्सोफोन वाजवतात, तोही जॅझमधला. राहतात मात्र आमच्या कात्रजला, कारण कोरेगाव पार्कात वाजवणं परवडतं, राहणं परवडत नाही. नाव सांगू नका, असं त्यांनी मला बजावलं आहे. ‘‘शायर, नाव छापून आलं की पुढच्या मॅनेजरला वाटतं, हा माणूस बोलका आहे.’’ तेव्हा आपण त्यांना नुसतं भाऊ म्हणू.

भाऊंचे वडील साताऱ्याकडच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. सॅक्सोफोन भाऊंच्या हाती आला तो तिथंच. पुढे पुण्याला आल्यावर कॅम्पातल्या एका वृद्ध गोवेकर मास्तरांनी त्यांना नोटेशन वाचायला शिकवलं आणि एका संध्याकाळी एक रेकॉर्ड लावून दिली. ‘‘तोवर मी गाणी वाजवत होतो, त्या दिवशी कळलं की गाण्याशी बोलताही येतं,’’ असं भाऊ सांगतात. जॅझची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी न्यू ऑर्लिन्स शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेलं हे संगीत. चाल सगळ्यांना ठाऊक असते, पण पाळीपाळीनं प्रत्येक वादक ती आपल्या मनाप्रमाणे फुलवतो. आपला गवई बंदिश मांडून मग विस्ताराला लागतो, त्याच्या जवळचंच हे नातं.

भाऊंच्या भिंतीवर एक कालनिर्णय टांगलेलं असतं. काम ठरलं की त्या तारखेला निळी खूण, पैसे हाती आले की त्या तारखेला लाल खूण. डिसेंबरचं पान निळंजर्द असतं. जानेवारी मात्र पांढराफटक. मग लग्नसराई. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास, त्यात लग्नं नाहीत. पितृपक्षात कुणी बोलावत नाही. रमजानच्या महिन्यात आमच्याकडे लग्नाचं कुणी काढत नाही आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती मंडळी उपवासाचे पाळतात. सर्व धर्मांचं पंचांग वाजवणाऱ्याइतकं पाठ असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्येकाचा उपास त्याला घडतो, मग देव कुणाचा का असेना!

निळ्या खुणेपासून लाल खुणेपर्यंतचं अंतर कधी तीन महिन्यांचंही असतं. ‘‘चेक तयार आहे, साहेबांची सही राहिली आहे,’’ हे वाक्य भाऊंनी इतक्या वेळा ऐकलंय की ते सॅक्सोफोनवर वाजवून दाखवतात. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार मराठीला आमच्याच गावानं दिला. कात्रजचा रहिवासी असूनही तो घाट दरसाल दाखवला जातो, तो भाऊंना.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. सॅक्सोफोनच्या चाव्यांखाली चामड्याच्या गाद्या असतात. दमट हवेत त्या फुगतात, भोक नीट झाकलं जात नाही आणि सूर फाटतो. तोंडाशी लावायचं रीड ही तर बोरूच्या जातीच्या वनस्पतीची पातळ पट्टी. म्हणजे आमच्या बोरूची चुलत बहीणच. ती कधी साथ देईल आणि कधी रुसेल, याचा नेम नाही.

हे सगळं भाऊंपासून सुरू झालेलं नाही. अमेरिकेहून लिऑन अ‍ॅबी यांचा वाद्यवृंद 1935 साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून इथं जॅझचा खरा बोलबाला झाला. ते ऐकून ते वाजवणारे तयार झाले, त्यांत मोठा भरणा गोव्याच्या मुलांचा. चर्चच्या शाळेत सोल्फा आणि व्हायोलिन शिकलेली ही पोरं मुंबईला येत आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त एका ट्रंकेएवढ्या जागेत राहत. त्यांचंही वर्ष ऋतूंवर चाले. उन्हाळ्यात साहेबलोक थंड हवेला निघाले की बँडही त्यांच्यामागून मसुरीला जायचे. तिथल्या सॅव्हॉय आणि हॅकमन्स या हॉटेलांत नाच चालत. हिवाळा मुंबई-कलकत्त्याचा. पुण्याला पावसाळ्यात घोड्यांच्या शर्यती, तेव्हा इथलाही मोसम. थोडक्यात, ज्यांच्यासाठी वाजवायचं त्यांच्या सुट्टीच्या मागं धावायचं.

त्यांतलेच एक हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. ट्रंपेट वाजवायचे. मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखत असे आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, 1950 पासून तो पुरता लागू झाला आणि नाचाच्या जागा ओस पडू लागल्या. वादकांच्या वर्षातले निम्मे महिने एका कायद्यानं पुसले गेले. मग ही मंडळी सिनेमाकडे वळली. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, चिकना जवळ केलं. 1951 च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या नाचामागे जो ट्रंपेटचा झणका आहे, तो या माणसांचा. चिक आणि त्यांचे साथीदार त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यलेखन सेबॅस्टियन डिसोझा करत. गाणी देशाला पाठ झाली, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर या मंडळींची नावं क्वचितच आली. चिक चॉकलेट 1967 साली गेले, जेमतेम पन्नाशी ओलांडून.

आमच्या कात्रजचं तळं तुम्हांला ठाऊक असेल. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहराच्या हौदांपर्यंत नेलं. वाटेत हवा खेळावी म्हणून मध्ये मध्ये ‘उच्छ्वास’ बांधले. शनिवारवाड्याजवळच्या हौदावर घागर भरणाऱ्या बाईला कात्रज कधी दिसलं नसेल, पण पाणी इथलंच होतं. गाण्यामागच्या वादकाचं असंच आहे. त्याचा श्वास दूरवर पोहोचतो, तो स्वतः मात्र जमिनीखाली.

आता भाऊंच्या गेल्या वर्षाकडे येऊ. त्यांना मी विचारलं, ‘‘वर्षातला सगळ्यांत वाईट दिवस कोणता?’’ मला वाटलं, ते कोरोनाचं नाव घेतील. 2020 च्या मार्चमध्ये ऐन लग्नसराईत टाळेबंदी झाली आणि त्या वर्षी, पुढच्या वर्षीही गणपतीची मिरवणूक निघाली नाही. वाजवणाऱ्यांनी वाद्यं विकली, रिक्षा चालवल्या. पण भाऊ म्हणाले, ‘‘तेव्हा सगळ्यांचंच बंद होतं. त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं? वाईट गेला तो गेल्या नोव्हेंबरातला एक दिवस.’’

शहराबाहेरच्या एका मोठ्या लग्नाचं आमंत्रण होतं. आयोजकानं मागितलं तेवढं मानधन कबूल केलं, तेही आगाऊ. अंगाला पांढरा कोट, डोक्याला हॅट. स्टेजवर गेल्यावर सांगितलं, ‘‘संगीत लॅपटॉपवरून लागणार आहे. तुम्ही फक्त वाजवल्यासारखं करा. फोटोत छान दिसतं.’’ दीड तास भाऊ सॅक्सोफोन तोंडाला लावून उभे राहिले. फुंकर मारली नाही. पाहुण्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढले. एकानं तर ‘‘क्या बजाते हो!’’ म्हणून पाठ थोपटली. वर्षभरातलं सगळ्यांत मोठं मानधन होतं ते. त्या पैशांत मुलीची फी भरली गेली. ‘‘मुलीची फी भरली, त्याचं समाधान आहे,’’ भाऊ म्हणाले, ‘‘पण घरी आल्यावर पेटी उघडावीशी वाटली नाही. चार दिवस उघडली नाही.’’

आणि चांगला दिवस? तोही ऐका. ऑगस्टमधली रात्र, बाहेर मुसळधार पाऊस, हॉटेलात चार गिऱ्हाइकं, आणि तीही आपापल्या मोबाइलमध्ये. बँडमध्ये चौघंच. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर वादकांवरचं दडपण गेलं. त्यांनी एक संथ चाल धरली. ढोलकऱ्यानं, म्हणजे ड्रमवाल्यानं, काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. भाऊ सांगतात, ‘‘मी एक सूर लावला आणि तो संपवायची घाईच होईना. पियानोवाला माझ्या पुढच्या सुराची वाट बघत थांबला. त्याला कळलं होतं मी कुठं निघालोय, मला अजून कळायचं होतं.’’ हातात ट्रे घेतलेला वेटर खांबाशी उभा राहिला तो चाल संपेपर्यंत हलला नाही. टाळ्या नाहीत, फर्माईश नाही, पैसे रोजचेच. भाऊ म्हणाले, ‘‘त्या रात्री वाजलं.’’ मी वाजवलं, असं म्हणाले नाहीत. कविता लिहिणाऱ्याला हा फरक समजतो.

सरावासाठी भाऊ पहाटे जुन्या घाटाच्या बाजूला जातात. बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांना त्रास होतो. मी त्यांना सांगितलं की, अमेरिकेतले थोर सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स 1959 पासून दोनेक वर्षं न्यूयॉर्कमधल्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन सराव करत, कारण तेच, शेजाऱ्यांना त्रास नको. हेच रोलिन्स 1978 साली जॅझ यात्रा महोत्सवासाठी मुंबईला येऊन धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेले. भाऊंना हे सगळं आधीच ठाऊक होतं. हसून म्हणाले, ‘‘त्यांच्या पुलाखाली नदी होती, माझ्या बाजूनं साताऱ्याचे ट्रक जातात. फरक एवढाच.’’

परवा मी त्यांचं गेल्या वर्षीचं कालनिर्णय पाहिलं. नोव्हेंबरातल्या त्या तारखेला निळी आणि लाल अशा दोन्ही खुणा शेजारी शेजारी आहेत. ऑगस्टमधल्या त्या तारखेभोवती मात्र शिसपेन्सिलीनं एक बारीक वर्तुळ काढलंय. बारा पानांत तसं वर्तुळ एकच.

मित्रहो, तुमच्याही घरी कार्य निघेल, वाजवणारी मंडळी येतील. त्यांचे पैसे त्याच दिवशी द्या. पंगत उठायच्या आधी त्यांना जेवायला वाढा. आणि जमलं तर एका गाण्यापुरतं तरी बोलणं थांबवून त्यांच्याकडे तोंड करून बसा. कुणाच्या तरी भिंतीवर पेन्सिलीचं दुसरं वर्तुळ निघेल.