योगशिक्षकाने थांबवायलाही शिकावे

(यवतमाळ येथे योगशिक्षक प्रशिक्षण वर्गाच्या समारोपात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



उद्यापासून गावातील माणसे आपल्यापुढे चटई पसरून बसतील. आपण सांगाल तेव्हा श्वास घेतील, सांगाल तेव्हा सोडतील. हा विश्वास फार मोठा आहे. आसने कशी शिकवावीत हे आपल्या आचार्यांनी आपल्याला सांगितलेच आहे. मी केवळ एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. कोणाला, केव्हा थांबवावे, ही ती गोष्ट.

मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने वार्ताहर. चाळिशीनंतर योगवर्गाला जाऊ लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी शिक्षकांनी विचारले, "रक्तदाब कधी तपासला होता?" कधीच तपासला नव्हता. तो तपासून येईपर्यंत त्यांनी मला सर्वांगासन, हलासन करू दिले नाही. शेजारचे सत्तरीचे गृहस्थ ऐटीत पाय वर करीत आणि मी आपला शवासनात! मनातून रागावलो होतो. रक्तदाब वाढलेलाच निघाला.

ही दक्षता आपल्या परंपरेला परकी नाही. अष्टांगयोगात आसनाचा क्रम तिसरा. त्याआधी यम-नियम येतात आणि यमांमध्ये पहिले नाव अहिंसेचे आहे. शिष्याच्या देहाला अपाय न करणे ही शिक्षकाची अहिंसा नव्हे काय?

स्वामी कुवलयानंदांचे, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांचे उदाहरण पाहा. बडोद्याला प्रा. माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले आणि मालसरच्या माधवदास महाराजांकडे योगाचे. 1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरण लावून मोजले. तेथे आढळलेल्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. गुरूंनी दिलेली क्रिया मोजून पाहण्यात त्यांना अश्रद्धा वाटली नाही. आज मात्र ‘कपालभाती करा, सर्व रोग पळतील’ असे छातीठोकपणे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया, गर्भावस्था यांत ती वर्ज्य आहे, हे सांगण्यास त्यांना सवड नसते.

आपल्या विदर्भात योग सामान्य घरांपर्यंत पोहोचला तो नागपूरच्या जनार्दनस्वामींमुळे. त्यांच्या योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य वर्गांची परंपरा चालविली. अमेरिकेतील योग अलायन्सने 200 तासांच्या प्रशिक्षणाचा मापदंड रूढ केला. आता आपल्याकडेही आयुष मंत्रालयाचे योग प्रमाणन मंडळ परीक्षा घेते. प्रमाणपत्राने उपजीविका होत असेल तर त्यात गैर काही नाही. पोट शिक्षकालाही असतेच. पण 200 तासांच्या त्या अभ्यासक्रमात पऱ्हाटीचे शेत येत नाही.

ते आपल्याला येथेच शिकावे लागेल. 2017 च्या पावसाळ्याअखेरीस याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. 20 हून अधिक जण दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. त्या दिवसांत मी वार्तांकनासाठी येथील शासकीय रुग्णालयात आलो होतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक तरुण पुन्हापुन्हा एकच विचारीत होता, "दिसन ना मले?"

असा माणूस आपल्या वर्गात आला तर? डोळे चुरचुरतात, मळमळते, दरदरून घाम सुटला आहे, श्वास भरून येतो. त्याला प्राणायामाला बसवू नका. अंगावरचे कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. औषधाची बाटली वा तिचे वेष्टन सोबत द्या; डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

दुसरा प्रसंग याहून अवघड. कर्जाने खचलेला, बोलेनासा झालेला माणूस पत्नीच्या आग्रहास्तव वर्गाला येतो. अनुलोम-विलोमाने त्याला घटकाभर बरे वाटेलही. कर्ज त्याने फिटत नाही आणि खोल नैराश्यावर तेवढ्याने भागत नाही. वर्ग संपल्यावर त्याच्याजवळ बसा. जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना मनात रुजते हा गैरसमज आहे. तसे वाटत असेल तर त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या, डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा. 14416 ही शासनाची ‘टेलिमानस’ सेवा आहे. तेथे मराठीतून बोलता येते.

आणखी एक. वेचणीच्या दिवसांत सकाळी सहाचा वर्ग ठेवाल तर एकही भगिनी येणार नाही. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईला सायंकाळी प्रथम पाठीवर निजू द्या. तिला पुन्हा पुढे वाकविण्याची घाई नको. हजेरीच्या वहीत नावापुढे वय, आजार, चालू औषधे असे रकाने आजच आखून घ्या. रकाने आखायला वेळ लागतो, म्हणून मी भाषण आवरते घेतो.