दोन तासांचं वादळ

वाऱ्याला आपल्या भाषेत नावं पुष्कळ. झुळूक, वावटळ, वादळ, सोसाट्याचा वारा. अरबी-फारसीच्या वाटेनं आलेलं 'तुफान'ही आता घरचंच झालं आहे. चक्रीवादळ हा शब्द मात्र आपण बहुतेक वेळा पूर्व किनाऱ्याच्या बातम्यांत ऐकत आलो. ते बंगालच्या उपसागरात उठायचं आणि ओडिशा-आंध्रावर आदळायचं. ३ जून २०२० रोजी ते आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्याचं नाव 'निसर्ग'. नाव बांगलादेशानं सुचवलेलं. बंगालीतही त्याचा अर्थ आपल्यासारखाच.

असं वादळ तयार कसं होतं? मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्र चांगला तापलेला असतो. पाणी साधारण सत्तावीस अंशांच्या वर गेलं की भरपूर वाफ होते. ती वर जाऊन थंडावते, तिचे ढग होतात आणि तिनं पोटात धरलेली उष्णता तिथे मोकळी होते. त्यामुळे हवा आणखी वर चढते, खालचा दाब कमी होतो आणि ती पोकळी भरायला चहूबाजूंनी वारे धावतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे ते वळतात आणि आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट गरगरू लागतात. खालून वाफ मिळते तोवर हे चक्र चालतं. जमिनीवर आलं की वाफ तुटते आणि जोर ओसरतो. चुलीतलं लाकूड ओढून घ्यावं तसं.

'निसर्ग'ला हे सारं करायला तीन दिवस पुरले. १ जूनला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं, २ जूनच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला त्यानं किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग होता ताशी ११० ते १२० किलोमीटर.

हवामान खात्याचा इशारा वेळेवर आला होता. किनाऱ्यावरची माणसं सुरक्षित जागी हलवली गेली. १९९९ च्या ओडिशाच्या महावादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. ते वादळ कितीतरी मोठं होतं, हे खरं. तरी 'निसर्ग'मध्ये मृतांचा आकडा हाताच्या बोटांवर मोजता येण्याजोगा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे.

पण इशारा ऐकून माणूस शाळेत आसऱ्याला जातो. पोफळ कुठे जाणार?

श्रीवर्धन, दिवेआगर, तिकडे दापोली-हर्णैपर्यंतच्या वाड्या दोन तासांत आडव्या झाल्या. मोहल्ला असो, आळी असो की कोळीवाडा, कौलं सगळ्यांचीच उडाली. विजेचे खांब पडले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणून विहिरीवरचा पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. त्यात टाळेबंदी. मुंबईच्या चाकरमान्याला धावून जाणंही कठीण.

कोकणची वाडी म्हणजे मजल्यांचं घर असतं. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, सावलीत जायफळ. वरचं छप्पर गेलं की खालची झाडं उन्हात उघडी पडतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिची पोफळ धरायलाच सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे २०२० च्या पावसात लावलेलं रोप २०२६-२७ च्या सुमाराला पहिली सुपारी देणार, आणि भरात यायला त्यापुढची काही वर्षं. तोवर वाडीवाल्यानं खायचं काय?

सरकारनं फळबागांना हेक्टरी पन्नास हजार रुपये जाहीर केले. पण कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठेवाल्याच्या हाती त्या हिशेबानं पाचच हजार. मग झाडामागे मदत ठरली : पोफळीला पन्नास रुपये, माडाला अडीचशे. शंभर पोफळींचे पुन्हा पाच हजारच! झाडं मोजली गेली, झाडाची वर्षं मोजायची राहिली.

अरबी समुद्र तापतो आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' याच किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. तेव्हा पुढच्या वादळाची तयारी आजच हवी. कोणत्या वाडीत किती झाडं, किती वयाची, याची नोंद गावात आधीच असावी. तालुक्याच्या रोपवाटिकेत रोपं तयार असावीत. आणि मदत एकदाच न देता, रोप धरेपर्यंत दरवर्षी थोडी थोडी मिळावी.

वाऱ्याचा वेग आपण अचूक मोजायला शिकलो, त्यानं माणसं वाचली. आता त्या माणसांना पुन्हा उभं राहायला किती वर्षं लागतात, तेही मोजायला शिकू या.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)